दोन खड्ड्यांमधली माती

म्हैसमाळच्या पठारावर कुदळ मारली की अनेक ठिकाणी वीतभर खोलीच्या आतच मुरूम खणखणतो. तिथून खुलताबादकडे उतरताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना तांबूस, खडेमिश्रित बरड लागते. पावसाने ओढ दिली की सगळ्यात आधी पीक करपते ते तिच्यावरचे. गिरिजेच्या खोऱ्यात आणि घाटाखाली वेरूळच्या बाजूला मात्र काळी जमीन भेटते. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात पायाला धरून ठेवणारी. हे सगळे एका खुलताबाद तालुक्यात. आणि सगळ्याच्या बुडाशी खडकही एकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकमेकांवर साचून तयार झालेला हा दख्खनचा बेसॉल्ट; वेरूळची ३४ लेणी याच खडकात कोरलेली आहेत.

खडक एक आणि माती मात्र पावलागणिक वेगळी, याचे कारण उतारात आहे. माथ्यावरची बारीक माती पाण्याबरोबर खाली जाते, मागे खडे आणि मुरूम राहतो. मधल्या टप्प्यावर हात-दीड हात मध्यम जमीन टिकते. खोलगटात चिकणमाती साचत जाते, तिच्यासोबत चुनाही उतरतो, आणि पाण्याला वाट मिळाली नाही तर जमीन चिबड होते. हाच खेळ लहान प्रमाणावर एकेका शेतात चाललेला असतो. बांधबंदिस्ती झालेल्या शेतात खालच्या बांधाला टेकून गाळाची जाड पट्टी बसते, तर वरच्या टोकाला नांगराचा फाळ मुरमाला घासतो. म्हणून एकाच गटातल्या दोन तुकड्यांना घरात दोन नावे असतात, आणि पेरणीला त्यांत दोन वेगळी पिके जातात.

आता या शिवाराचा मातीचा नकाशा करायचा म्हटले तर खड्डे घेता येतात मोजके, आणि नकाशाला रंग भरावा लागतो इंच न् इंच. दोन खड्ड्यांमध्ये जी माती कुणी पाहिलीच नाही, तिथे कोणता आकडा लिहायचा? एवढ्या एका प्रश्नाभोवती गेल्या सत्तर वर्षांत भूसांख्यिकी नावाचे शास्त्र उभे राहिले. आज कृषी विद्यापीठांतले प्रबंध, शासनाच्या योजना आणि उपग्रहावर आधारलेल्या सेवा हे सगळे त्याचा आधार घेतात. त्यातून निघालेल्या नकाशांवर किती विसंबायचे, हे मात्र फार थोडे लोक विचारतात.

हा प्रश्न कागदावरचा नाही, हे मृदा आरोग्य पत्रिकेवरून समजते. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगढ इथे सुरू झालेल्या या योजनेने देशभर मातीचे नमुने घेण्याची चौकट ठरवून दिली. बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरला एक. नमुन्याची तपासणी १२ गोष्टींसाठी होते: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. दहा हेक्टरांचा चौकोन म्हणजे एका बाजूला सुमारे ३१६ मीटर. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. म्हणजे एका चौकोनात सात शेतकरी बसतात आणि सातही जणांच्या हाती एकच आकडा येतो. सपाट गोदाकाठी हे कदाचित चालून जाईल. खुलताबादच्या उतारावर ३१६ मीटरमध्ये बरड, मध्यम आणि भारी अशा तिन्ही जमिनी येऊ शकतात, आणि मग तो एक आकडा त्यांपैकी एकीचाही नसतो.

या भागाला हा प्रश्न नवा नाही. १६२६ मध्ये वारलेला आणि खुलताबादेतच पुरलेला मलिक अंबर इतिहासात गनिमी काव्याइतकाच जमीनधाऱ्यासाठी ओळखला जातो. जमिनीचा मगदूर पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढच्या राजवटींनाही दिशादर्शक ठरली. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८३६ च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी प्रतबंदी सुरू केली, तिच्यात तर आजच्या पद्धतीचा सांगाडाच दिसतो. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. प्रतबंदीचा कारकून शेताचे चौकोनी भाग पाडी. प्रत्येक भागात पहार मारून मातीची खोली पाही, रंग आणि पोत बघे, आणि नऊ प्रतींपैकी एक लावी. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी जमीन सोळा आण्यांची; शेवटची प्रत दोन आण्यांची. चुनखड, उतार, पाण्याचा उपळ असे दोष चौकोनात खुणेने मांडले जात, आणि प्रत्येक दोषामागे जमीन एक प्रत खाली उतरे. सगळ्या चौकोनांची सरासरी हे त्या शेताचे आणे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे दिवाण सालारजंगांच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याच्याच धर्तीवर पाहणी सुरू झाली.

या कामात दोन गोष्टी पुढच्या शास्त्राला मार्गदर्शक ठरण्याजोग्या होत्या. एक, खोली हा मातीचा पहिला गुण मानला गेला. दुसरी, अंदाज प्रत्येक शेताच्या आत जाऊन घेतला गेला, शेजारच्या शेतावरून नव्हे. त्याची किंमतही तशीच होती: शेकडो माणसे, कित्येक वर्षे. आजच्या प्रयोगशाळेला जस्त मोजायचे असते, आणि जस्त पहारीला कळत नाही. म्हणून मोजक्या नमुन्यांवरून बाकीच्या जागांचा अंदाज करावा लागतो.

शेजारच्या जागेवरून अंदाज करायचा तर शेजार किती दूरपर्यंत धरायचा, हे आधी ठरवावे लागते. शेतात हा प्रश्न आकड्यांत पकडण्याची सुरुवात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड प्रक्षेत्रावर झाली. मर्सर आणि हॉल यांनी गव्हाचे एक सारखे दिसणारे एकरभर शेत ५०० वाफ्यांत वाटून प्रत्येक वाफ्याचे उत्पन्न वेगळे तोलले आणि १९११ मध्ये ते आकडे छापले. एकच बियाणे, एकच मशागत, तरी वाफ्यावाफ्यांत ठळक फरक होता, आणि जवळचे वाफे दूरच्यांपेक्षा एकमेकांसारखे होते. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३०-४० च्या दशकांत बंगालमधल्या तागाच्या क्षेत्राचा अंदाज घेताना नमुन्याची चौकट केवढी असावी, फरक अंतरासोबत कसा बदलतो आणि खर्चाशी त्याचा मेळ कसा घालावा, यावर मूलभूत काम केले. भारतीय सांख्यिकीचा हा वारसा मृदाशास्त्राच्या वर्गात क्वचितच सांगितला जातो, याचे वाईट वाटते.

पद्धतीला नाव मात्र मिळाले सोन्याच्या खाणीतून. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या खाणींमध्ये डॅनी क्रीग नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आले की थोड्या नमुन्यांवरून ज्या खडकात भरपूर सोने सांगितले जाते, तिथे प्रत्यक्षात कमी निघते. आणि जिथे कमी सांगितले, तिथे थोडे जास्त. १९५१ मध्ये त्याने यावर सांख्यिकीचा उतारा मांडला. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉन यांनी त्याचे पूर्ण गणित रचले आणि क्रीगच्याच नावावरून त्याला ‘क्रिगिंग’ म्हटले. त्याच सुमारास सोव्हिएत रशियात लेव्ह गांदिन हवामानाच्या नकाशांसाठी स्वतंत्रपणे जवळपास याच ठिकाणी पोचले होते. मातीसाठी हे हत्यार नीट पाजळले ते बर्जेस आणि वेबस्टर यांनी, १९८० मध्ये.

गणित पाहिले तर त्याचा पाया एका वजाबाकीत आहे. समजा, एकमेकांपासून ६० मीटरवरच्या दोन खड्ड्यांत सेंद्रिय कर्ब ०.६२ आणि ०.४८ टक्के निघाला. फरक ०.१४. त्याचा वर्ग ०.०१९६, त्याचा निम्मा ०.००९८. ही झाली एक जोडी. शिवारात १०० नमुने असतील तर अशा ४,९५० जोड्या पडतात. मग ५० मीटरच्या आसपासच्या जोड्यांची सरासरी, १०० मीटरच्या जोड्यांची सरासरी, १५०, २०० असे करत जायचे. आडव्या रेषेवर अंतर आणि उभ्या रेषेवर ही सरासरी मांडली की जो आलेख उभा राहतो, तो व्हेरिओग्राम. साधारणपणे तो चढत जातो, कारण अंतर वाढले की माती परकी होत जाते, आणि कुठेतरी जाऊन सपाट होतो. जिथे सपाट होतो त्या अंतराला रेंज म्हणतात. त्यापलीकडचा खड्डा इथल्या मातीबद्दल काही सांगत नाही.

या आलेखाची सगळ्यात बोलकी जागा त्याच्या पायथ्याशी असते. अंतर शून्याकडे गेले तर फरकही शून्य व्हायला हवा, होत नाही. उरलेल्या या फरकाला ‘नगेट’ म्हणतात, म्हणजे सोन्याचा खडा. शेजारी शेजारी घेतलेल्या दोन नमुन्यांपैकी एकात सोन्याचा खडा सापडावा आणि दुसऱ्यात नाही, तसा. शेतात असे खडे भरपूर. धनगराने गेल्या उन्हाळ्यात ज्या पट्टीत मेंढ्या बसवल्या, तिथले स्फुरद आणि त्याच्या दहा पावलांवरचे स्फुरद यांचा मेळ बसत नाही. उकिरड्याची जुनी जागा, बैल बांधायचे झाड, ठिबकच्या नळीखालची ओली रेघ, सगळे नगेटमध्ये जमा होते. प्रयोगशाळेतली चूकही त्यातच मिसळते. नगेटचा वाटा एकूण फरकाच्या चौथाईहून कमी असेल तर जवळच्या नमुन्यांवरून अंदाज भक्कम, पाऊण हिश्शाहून जास्त असेल तर तो अगदी कच्चा, असा ठोकताळा कॅम्बार्डेला आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडला. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक शोधनिबंधात तो वापरलेला आढळतो.

क्रिगिंगचा खरा फायदा समजायला एक उदाहरण पुरेसे आहे. ज्या जागेचा अंदाज हवा, तिच्या पूर्वेला १०० मीटरवर दोन खड्डे अगदी एकमेकांना लागून आहेत, आणि पश्चिमेला १०० मीटरवर एकच. अंतराच्या उलट प्रमाणात वजन देणारी जी सोपी पद्धत सगळीकडे चालते, ती तिन्ही खड्ड्यांना सारखाच मान देते, प्रत्येकी एक तृतीयांश. पण पूर्वेचे दोघे शेजारी म्हणजे जवळपास एकच साक्षीदार. नगेट नगण्य असेल तर क्रिगिंग हे ओळखते आणि पश्चिमेच्या एकट्याला सुमारे निम्मे वजन देते, पूर्वेच्या दोघांना पाव-पाव. शिवाय प्रत्येक अंदाजासोबत तो किती चुकू शकतो याचाही आकडा ते देते. नकाशाचा हा जुळा भाऊ बहुतेक अहवालांत छापलाच जात नाही. मृदानकाशांच्या व्यवहारातली सगळ्यात मोठी उणीव हीच.

दुसरी उणीव नमुन्यांच्या संख्येची. वेबस्टर आणि ऑलिव्हर यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की भरवशाचा व्हेरिओग्राम हवा असेल तर १०० ते १५० नमुने लागतात, आणि ५० पेक्षा कमी असतील तर आलेखात दिसतो तो बरेचदा योगायोगच असतो. तरीही तीस-चाळीस नमुन्यांवर सगळ्या तालुक्याचे रंगीत नकाशे काढलेले दिसतात. संगणकाला तीस आकडे दिले तरी तो रंग भरतोच. अंदाजाला आधार आहे की नाही, हे रंगावरून ओळखता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर नकाशा निघत असल्याने व्हेरिओग्राम बघण्याचीही गरज वाटेनाशी झाली आहे. एकेक नमुना बाजूला काढायचा, उरलेल्यांवरून त्याचा अंदाज करायचा आणि खऱ्या आकड्याशी ताडून पाहायचा, एवढी साधी परीक्षाही पुष्कळ ठिकाणी होत नाही. ‘आर’ या मोफत संगणकभाषेतले ‘जीस्टॅट’ हे साधन ती क्षणात करून देते.

चांगले काम झालेले नाही असे मात्र नव्हे. नागपूरला अमरावती मार्गावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो १९७६ पासून आहे. या संस्थेने देशातल्या राज्यांचे १:२,५०,००० प्रमाणाचे मृदानकाशे तयार केले. ते दहा किलोमीटरच्या चौकटीवर आधारलेले होते. दहा किलोमीटरच्या चौकटीत खुलताबाद तालुक्याच्या वाट्याला मोजकेच खड्डे येतात, पण त्या नकाशाचे कामही राज्यपातळीचे होते. पुढे संस्था गावपातळीकडे, १:१०,००० प्रमाणाकडे वळली. तिच्या शास्त्रज्ञांनी तेलंगणातल्या तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यात तिम्माजीपेट मंडलात ३२५ मीटरच्या चौकटीवर सुमारे दीड हजार नमुने घेऊन केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मंडलाला दीड हजार नमुने, हे गांभीर्य मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यालाही मिळायला हवे. संभाजीनगरात कांचनवाडीला वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे, परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. माणसे आणि साधने शोधायला दूर जावे लागत नाही.

तरीही तिम्माजीपेटची रीत उचलून खुलताबादेत जशीच्या तशी लावता येणार नाही. इथे घाट आडवा येतो.

क्रिगिंगचे गणित एका गृहीतकावर उभे आहे: दोन जागांच्या मातीतला फरक त्यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असतो, त्या जागा कुठे आहेत यावर नाही. सपाट प्रदेशात हे बरेचसे खरे असते. पण कड्याच्या माथ्यावरचा खड्डा आणि कड्याखालचा खड्डा नकाशात २०० मीटरवर दिसतात आणि मातीत त्यांचे काहीच नाते नसते. या दोघांच्या मधला अंदाज काढणे म्हणजे जिथे उभा खडक आहे तिथे मध्यम जमीन दाखवणे. दख्खनच्या बेसॉल्टचा सगळा मुलूख असा पायऱ्यापायऱ्यांचा आहे. कठीण थराचा कडा आणि त्याखाली मऊ, सच्छिद्र थराचा लवणउतार असे एकाआड एक येत जाते. मातीही पायरीपायरीने बदलते. शिवाय उताराच्या दिशेने शंभर पावलांत जेवढा फरक पडतो, तेवढा उताराला आडवे, समपातळीवर चालत गेल्यास अर्ध्या किलोमीटरलाही पडेलच असे नाही. म्हणजे रेंज एक नसून दिशेप्रमाणे दोन असतात. सगळ्या दिशांचा मिळून एकच आलेख काढला तर दोन्ही पुसल्या जातात.

त्यावर माणसाने नवी भर घातली आहे. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राबवली गेली आणि बरड जमिनींवर ट्रॉल्याच्या ट्रॉल्या तळ्यांचा गाळ पसरला गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सोने आहे. नकाशाच्या दृष्टीने मात्र बरडीच्या मधोमध एक काळा चौकोन उगवतो, त्याच्या कडा बांधाने आखल्यासारख्या सरळ असतात आणि निसर्गाच्या कोणत्याही व्हेरिओग्राममध्ये तो बसत नाही. अशा शेतातला एक नमुना चौकटीत आला तर आजूबाजूच्या पन्नास एकरांना तो आपला रंग देतो.

या अडचणींवर शास्त्राने काढलेली वाट एका वाक्यात अशी: जे कारणांनी समजते ते कारणांनी समजावून घ्या, आणि उरलेल्यासाठीच अंतराचा आधार घ्या. मातीची कारणे हान्स येनी यांनी १९४१ मध्ये मांडली: हवामान, सजीव, भूरचना, मूळ खडक आणि काळ. २००३ मध्ये मॅकब्रॅटनी आणि सहकाऱ्यांनी त्यांत मातीची आधीची माहिती आणि ठिकाण यांची भर घालून अंकीय मृदानकाशांची चौकट तयार केली. तिच्याप्रमाणे उंची, उतार, पाणी कुठून वाहते, उपग्रहाला दिसणारा रंग यांवरून मातीचा पहिला अंदाज करतात. तो जिथे जेवढा चुकतो त्या चुकांचे क्रिगिंग करतात आणि दोन्ही जोडतात. नेदरलँड्समधल्या आयएसआरआयसी संस्थेचा ‘सॉइलग्रिड्स’ हा साऱ्या जगाचा नकाशा याच कुळातला. जगभरातले दोन लाखांहून अधिक खड्डे घेऊन संगणकाने शिकलेल्या नियमांवर तो २५० मीटरच्या ठिपक्यांत मातीचे गुण सांगतो आणि अनिश्चितताही देतो. पण त्याचा एक ठिपका म्हणजे सहा हेक्टरांहून मोठा तुकडा. म्हैसमाळच्या कड्यावर त्या एका ठिपक्यात पठार, कडा आणि पायथा एकत्र येतात. जगाचा हिशोब त्याने करावा. खुलताबादच्या गटाचा हिशोब त्याच्यावर सोपवू नये.

आणखी एक बाजू नकाशावर दिसतच नाही: खोली. नमुना घेतला जातो वरच्या वीतभर थराचा. ‘व्ही’ आकाराचा खड्डा, एका बाजूची दोन बोटे जाड खाप, शेतात नागमोडी फिरून पंधरा-वीस ठिकाणची माती एकत्र करायची, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकायचे, शेवटी अर्धा किलो पिशवीत. हंगामी पिकांच्या खतासाठी हे बरोबर आहे. पण विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, वरची माती बरी दिसते आणि खालचा थर सोडियमने बांधला गेलेला असतो. पाणी मुरत नाही आणि कपाशी मार खाते. गिरिजा ज्या पूर्णेला मिळते ती गोदावरीची पूर्णा वेगळी, पण धडा दोन्हीकडे लागू आहे.

खुलताबाद, कन्नड, फुलंब्री या पट्ट्यात हा सगळा हिशोब एका पिकाशी येऊन भिडतो, ते म्हणजे अद्रक. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत गादीवाफ्यांवर त्याची लागवड होते. एकरी आठ-दहा क्विंटल बेणे लागते आणि सगळा खर्च उगवणीच्या आधीच जमिनीत जातो. पिकाला निचऱ्याची, मध्यम, भुसभुशीत जमीन हवी. पाणी साचले की कंदकूज येते. चुनखड जास्त असेल तर लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. म्हणजे या शेतकऱ्याला नकाशाकडून हवी असते ती नेमकी खोली, निचरा आणि चुना यांची माहिती. पत्रिकेवरच्या बारा आकड्यांत यातले थेट एकही नाही. सामूवरून चुन्याचा अंदाज करता येतो, तेवढेच.

जिथे आकडा आहे तिथेही तो कसा मांडला जातो, यावर बरेच अवलंबून आहे. जस्ताची मर्यादा माती किलोमागे ०.६ मिलिग्रॅम धरतात, त्याखाली कमतरता. भारतातल्या तपासलेल्या मातीनमुन्यांत एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी जस्त कमी आढळले आहे. क्रिगिंगचा स्वभाव टोके गुळगुळीत करण्याचा. ०.३ आणि १.१ यांच्या मधल्या शेतांना ते ०.७ च्या आसपास नेऊन ठेवते आणि नकाशा म्हणतो, जस्त पुरेसे. प्रत्यक्षात त्यातली बरीच शेते उपाशी असतात. यावर उपायही भूसांख्यिकीतच आहे. जस्त किती, असे न विचारता जस्त ०.६ पेक्षा कमी असण्याची शक्यता किती, असे विचारायचे आणि त्या शक्यतेचा नकाशा काढायचा. ‘या गटात दहापैकी सात वेळा कमतरता निघेल’ हे वाक्य शेतकऱ्याला लगेच कळते. झिंक सल्फेटची गोणी किती रुपयांची आणि पीक गेले तर नुकसान किती, हे त्याला कोणाही तज्ज्ञापेक्षा चांगले माहीत असते. त्याला फक्त शक्यता हवी असते.

पाण्याच्या हिशोबातही हीच चूक दुसऱ्या रूपाने शिरते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला गावोगाव पोकरा म्हणतात, मुंबई आयआयटीच्या मदतीने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसवली गेली. पडलेल्या पावसातले किती वाहिले, किती मुरले, किती मातीने धरून ठेवले हे त्यात मातीचा पोत आणि खोली यांवरून काढतात. नकाशाने वीतभर बरडीला दोन हात मध्यम जमीन म्हटले, तर कागदावर ओल शिल्लक दिसते आणि शेतात सोयाबीन माना टाकते.

या सगळ्यावरून एका गावासाठी काय करायला हवे, ते बरेचसे स्पष्ट होते. चौकट सगळीकडे सारखी न ठेवता आधी शिवाराचे पठार, उतार आणि खोलगट असे भाग पाडावेत आणि कड्याच्या दोन बाजूंचे नमुने एका आलेखात मिसळू नयेत. हे भाग पाडायला उपग्रह लागतोच असे नाही; गावातले जुने शेतकरी पारावर बसून तासाभरात बरड, मध्यम, भारी आणि चोपण (सोडियमने बिघडलेली) जमीन यांच्या सीमा नकाशावर दाखवतात. काही नमुने मुद्दाम अगदी जवळजवळ घ्यावेत, पाच मीटरवर, वीस मीटरवर. सगळे खड्डे ३०० मीटरवर असतील तर त्याहून जवळच्या अंतराची एकही जोडी मिळत नाही, आणि आलेखाचा पायथा, म्हणजेच नगेट, केवळ तर्काने रंगवावा लागतो. यूडन आणि मेलिख यांनी १९३७ मध्येच दाखवले होते की दूरच्या ठिकाणांच्या पोटात जवळची ठिकाणे बसवली तर थोड्या नमुन्यांत कोणत्या अंतरावर किती फरक पडतो ते कळते. आणि गाळ कुठे टाकला, मेंढ्या कुठे बसल्या, हे नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिले गेले पाहिजे.

राहिला खर्च. इथे एक जुनी ठेव प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात पडून आहे. सातबाऱ्यावर क्षेत्राजवळ आकारणीचा एक आकडा असतो, काही रुपये आणि पैसे. शेतसारा नावापुरता उरल्यापासून त्याकडे कुणी पाहत नाही. तो आकडा मुळात प्रतबंदीच्या आण्यांतून आलेला आहे. गावागावांचे दर वेगळे होते, बागायतीची आकारणी निराळी होती; म्हणून दोन गावांची तुलना त्यावरून करता येत नाही. पण एकाच गावातल्या जिरायत गटांचा आकार क्षेत्राने भागला तर जमिनीच्या प्रतीचा उतरता क्रम हाती येतो. तोच सातबारा पोटखराबाही सांगतो, म्हणजे खडक आणि नाले किती ते. उंची-उताराच्या जोडीने हा क्रम नकाशाच्या पहिल्या अंदाजात घेता येईल आणि त्यावर उरलेल्या चुकांचे क्रिगिंग करता येईल.

असा अंदाज मांडल्यावर प्रयोगशाळेचे आकडे आणि जुना आकार यांचा मेळ काही गटांत बसणार नाही. पुढच्या फेरीचे खड्डे तिथे घ्यावेत. तिथे एक तर दीडशे वर्षांत वरची माती वाहून गेली आहे, किंवा कुणीतरी तळ्यातला गाळ आणून पसरला आहे.